वाचक विचारतात : समोरचा आवाज, बाजूचा आवाज

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं एकाच मुद्द्याभोवती फिरणारी आहेत. स्पीकर समोर कसा वाजतो हे सगळे विचारतात, तो बाजूला काय फेकतो हे कोणी विचारत नाही. मी स्पीकर बनवते ते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचा हॉल १२ बाय १८ फुटांचा आहे. खाली शहाबादी फरशी, भिंती साध्या रंगवलेल्या. दिवाळीत दोन टॉवर स्पीकर घेतले. खालच्या आणि मधल्या सुरांचा साडेसहा इंची वूफर, वर बारीक सुरांचा एक इंची ट्विटर. मधल्या खुर्चीत बसलं की छान वाटतं. पण आई बाजूच्या दिवाणावर बसते, तिला गाण्यातले शब्द गढूळ ऐकू येतात आणि आवाज वाढवला की गायिकेचा सूर टोचतो. दुकानदार म्हणतात, ॲम्प्लिफायर बदला. बदलावा का?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

नका बदलू. ॲम्प्लिफायर मधल्या खुर्चीला एक आणि दिवाणाला दुसरं असं काही देत नसतो. जागा बदलल्यावर आवाज बदलत असेल तर स्पीकरचा फैलाव तपासायचा. आईंचे कान उत्तम आहेत. गढूळ आणि टोचरं, या दोन्ही तक्रारी माझ्या मोजणीच्या आलेखात जशाच्या तशा दिसल्या असत्या.

माहितीपत्रकात छापलेला आलेख स्पीकरच्या अगदी समोर माईक ठेवून काढलेला असतो. घरात मात्र स्पीकर बाजूच्या भिंतींवर, छतावर, फरशीवर, सगळीकडे आवाज टाकतो. तुमच्या हॉलचा ढोबळ हिशेब करू. उंची १० फूट धरली तर खोली साधारण ६१ घनमीटरची. दगडी फरशी आणि उघड्या भिंती आवाज फारसा शोषत नाहीत, म्हणून तो विरायला ०.८ सेकंद लागतात असं धरते. सगळीकडे सारखाच वाजणारा स्पीकर अशा खोलीत ठेवला तर त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज बरोबरीत येतात. त्यापुढे परतलेला आवाज वरचढ होतो. तुम्ही बसता तीन मीटरवर. म्हणजे तुमच्या कानावर पडणाऱ्या आवाजातला मोठा वाटा आधी कुठल्यातरी भिंतीला लागून आलेला आहे.

हा परतलेला आवाज प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येत नाही. साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत जे परत येतं ते कान मूळ आवाजातच मिसळून टाकतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रयोग केले, त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. मिसळला तरी रंग चढतोच. बाजूला गेलेला आवाज समोरच्यासारखाच असेल तर खोली गाण्याला भर देते. वेगळा असेल तर खोली गाणं बिघडवते.

तुमच्या स्पीकरमध्ये तो वेगळा का आहे, ते बघा. आवाजाची लांबी, म्हणजे तरंगलांबी, १०० हर्ट्झला सुमारे ३.४ मीटर असते, १,००० हर्ट्झला ३४ सेंटिमीटर आणि १०,००० ला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तरंग स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूपेक्षा खूप मोठा असला की तो शंकूला वळसा घालून सगळीकडे पसरतो. तरंग शंकूच्या मापाजवळ आला की आवाज समोरच्या बाजूला आवळत जातो. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग सुमारे १३ सेंटिमीटरचा. अडीच हजार हर्ट्झला तो ४५ ते ५० अंशांवर निम्म्या दाबावर उतरलेला असतो. बहुतेक टॉवरमध्ये साधारण तिथेच क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरने ट्विटरच्या हाती काम सोपवण्याची जागा, असतो. आणि तिथून पुढे काम हाती घेतो तो ट्विटरचा एक इंची डोम, म्हणजे घुमटाकार पडदा. या स्वरांपुढे तो इतका लहान आहे की पुढच्या अर्ध्या गोलात जवळपास सारखा वाजतो. वूफर आवळलेला, ट्विटर फाकलेला. समोरून दोघांची पातळी जुळवलेली असते म्हणून आलेख सपाट येतो, पण ५० अंशांवर उभं राहिलं की आधी खड्डा लागतो आणि लगेच उंचवटा. दोन वेगळ्या लॉटमध्ये रंगवलेलं सूत एका चादरीत आलं की घडी घातलेली असताना कळत नाही, उजेडात पसरली की पट्टा उठून दिसतो, तसं हे आहे. खड्डा येतो शब्द स्पष्ट करणाऱ्या भागात, म्हणून आईंना शब्द गढूळ वाटतात. उंचवटा येतो तीन-साडेतीन हजाराच्या आसपास, आणि माणसाचा कान तिथेच सगळ्यात तिखट असतो. म्हणून आवाज वाढवला की टोचतं.

हे दुरुस्त करायची रीत आता चांगली माहीत झालेली आहे. ट्विटर सपाट फळीवर न बसवता उथळ, हळूहळू उघडत जाणाऱ्या तोंडात बसवायचा. याला वेव्हगाइड म्हणतात. क्रॉसओव्हरच्या जागी वूफर जेवढा आवळलेला असेल तेवढाच ट्विटरही आवळला जावा, हे त्याचं काम. फिनलंडच्या जेनेलेक कंपनीने स्टुडिओत वापरायच्या स्पीकरवर हे १९८० च्या दशकातच आणलं. अमेरिकेत अर्ल गेडिस यांनी १९८९ मध्ये अशा तोंडाच्या आकाराचं गणित मांडलं. आणि हे कानाला खरोखर पटतं का, हे तपासलं ते कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी. स्पीकर पडद्याआड ठेवून, नाव आणि किंमत लपवून लोकांना ऐकवले. १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून दिसलं की लोकांना आवडणारे स्पीकर समोर सपाट असतात आणि बाजूलाही गुळगुळीत असतात. किमतीचा मुद्दा पडद्याआड राहतो, कान मात्र तेच सांगतात. मला या क्षेत्रातलं हे सगळ्यात मोलाचं काम वाटतं. सोलापूरच्या शिक्षिकेची आई आणि ओटावाच्या प्रयोगशाळेतला श्रोता एकच तक्रार करतात, हे कळल्यावर स्पीकर बनवणाऱ्याला पळवाट राहत नाही.

आता घेतलेल्या स्पीकरचं काय करायचं? दोन्ही आतल्या बाजूला चांगले वळवा, इतके की त्यांच्या रेषा तुमच्या खुर्चीच्या थोड्या पुढे एकमेकींना छेदतील. दिवाणाजवळचा स्पीकर मग आईंच्या अंगावर थेट वाजणार नाही आणि लांबचा त्यांच्याकडे तोंड करून वाजेल. बाजूच्या भिंतीपासून निदान तीन फूट जागा ठेवा. तुमच्या प्लेअरमध्ये इक्वलायझर असेल तर तीन हजाराच्या आसपास दोन डेसिबल कमी करा. मधल्या खुर्चीत किंचित मऊ लागेल, पण हॉलभर आवाज निवळेल. ५० अंशांवरचा खड्डा मात्र इक्वलायझरने भरत नाही, कारण तो समोर नाहीच.

प्रश्न : घरात चादरींचा धंदा आहे. स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर जाड सोलापुरी चादर किंवा टर्किश टॉवेल ताणून लावले तर घुमणं थांबेल का?
— एक कारखानदार, साखर पेठ

भिंतीला चिकटवून ताणलीत तर फार तर वरचे स्वर गिळले जातील, मधले आणि खालचे तसेच घुमत राहतील. परतणारा आवाज आधीच बिघडलेला, त्यात आणखी मळकट होईल. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, मग कापड तिथे शोषणार काय? चादर भिंतीपासून चार इंच पुढे, चुण्या पाडून टांगली तर आठ-नऊशे हर्ट्झपर्यंत उपयोग होतो. त्याहून चांगलं म्हणजे चार इंच जाडीच्या ग्लासवूलच्या चौकटीवर चादर आवरण म्हणून लावा. आधी कापडाला तोंड लावून फुंकून बघा. हवा सहज आरपार गेली तर ते कापड चालेल. घट्ट विणीची जॅकार्ड बऱ्याचदा हवा अडवते, त्या मानाने सैल विणलेलं सुती कापड बरं.

चौकट कुठे लावायची? तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कोणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला ती जागा. सगळी भिंत झाकायची गरज नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १२ इंची वूफर आणि हॉर्नवर कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या घशात आवाज सोडणारा ड्रायव्हर) असा दोन-मार्गी स्पीकर घरच्यासाठी करायचा आहे. हॉर्न ९० अंशांचा घेतोय. केवढा घ्यावा, क्रॉसओव्हर कुठे ठेवावा? मोजणी कशी करायची? कॉलेजात ध्वनिशून्य खोली, म्हणजे भिंतींवरून आवाज न परतणारी खोली, नाही.
— एक विद्यार्थी, होटगी रस्ता

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. तू सुरुवात योग्य टोकाकडून केली आहेस. आधी अंश ठरवलेस, मग बाकीचं.

बारा इंची वूफरचा हलणारा भाग सुमारे २६ सेंटिमीटर. तो ९० अंशांच्या फैलावावर, म्हणजे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर सहा डेसिबल खाली, येतो साधारण १,३०० हर्ट्झला. म्हणजे क्रॉसओव्हरची जागा वूफरनेच ठरवून दिली : १,२०० ते १,३००. आता हॉर्न तिथपर्यंत ९० अंश धरून ठेवणारा हवा. अमेरिकेतल्या इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीत काम करताना डॉन कील यांनी १९७० च्या दशकात जो ढोबळ नियम दिला तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव : २५,३०० ला तोंडाची रुंदी मीटरमध्ये आणि अंश, या दोहोंच्या गुणाकाराने भागायचं. येणारा आकडा म्हणजे ज्या हर्ट्झपर्यंत हॉर्न आपला कोन राखतो तो. रुंदी ३० सेंटिमीटर घेतलीस तर ०.३ गुणिले ९० म्हणजे २७, आणि उत्तर येतं सुमारे ९४०. क्रॉसओव्हरच्या खालीही पुरेशी जागा राहिली. बाजारातला पाच-सहा इंच रुंदीचा ९० अंशांचा हॉर्न घेतलास तर त्यावर ९० छापलेलं असेल, पण दीड हजाराला तो ९० नसेल. छापलेल्या अंशांवर जाऊ नकोस, पट्टी लावून रुंदी मोज.

गणेशोत्सवाच्या मांडवातले हॉर्न स्वस्तात मिळतात, ते घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, पण आत हात फिरवून बघ. घशात एकदम कडा किंवा पायरी असेल तर तिथे आवाज फुटतो आणि ती कर्कशता कुठल्याच फिल्टरने जात नाही. ड्रायव्हरच्या तोंडाचा उतार आणि हॉर्नच्या सुरुवातीचा उतार एकमेकांना न खटकता जुळला पाहिजे. तोंडाच्या बाहेरच्या कडेलाही मोठा गोलवा दे आणि खोक्याच्या उभ्या कडाही गोल कर. हॅरी ओल्सन यांनी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत वेगवेगळ्या आकारांची खोकी मोजून दाखवली होती. टोकदार कडांच्या खोक्यांचा आलेख खाली-वर होत होता, गोलाचा सगळ्यात गुळगुळीत होता. आमच्याकडे अक्कलकोट रस्त्यावर सीएनसी राउटरवाले आहेत, मी थरांच्या प्लायमधून वेव्हगाइड तिथेच कापून घेते आणि शेवटचा हात पॉलिश पेपरने स्वतः मारते. अखंड सागवानाचा मोह टाळ. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये रुंद फळी उलते.

ड्रायव्हर निवडताना तो १,२०० ला त्रास न होता वाजतो का हे पाहा. एक इंची घशाचे बरेच ड्रायव्हर दीड हजाराच्या वरच सुखात असतात. १.४ इंची घशाचा घेतलास तर खालचं काम सोपं, पण सगळ्यात वरच्या सुरांत तोच आवळायला लागतो. घरात बेताच्या आवाजातच ऐकायचं असल्याने मी एक इंचीतला दणकट ड्रायव्हर निवडेन.

आणि एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पहिला आलेख पाहून घाबरणार नाहीस. कोन राखणारा हॉर्न जोडला की साधारण तीन-चार हजाराच्या वर आवाज उतरत जाताना दिसेल. ड्रायव्हर खराब नाही. पडद्याच्या वस्तुमानामुळे त्याची ताकद तिथून सप्तकामागे सहा डेसिबलने घटते. जुन्या हॉर्नमध्ये वरचे स्वर एका अरुंद पट्ट्यात गोळा होत असल्याने समोरून ही घट कळत नसे, बाजूला बसलेल्याला मात्र काहीच मिळत नसे. तू तोच आवाज ९० अंशांत वाटतोयस, म्हणून क्रॉसओव्हरमध्येच वरचा भाग उचलावा लागेल.

वूफर आणि हॉर्न यांच्या मध्यांमध्ये सुमारे ३२ सेंटिमीटर अंतर राहील. १,३०० ला तरंग २६ सेंटिमीटरचा, तेव्हा वर आणि खाली सुमारे २४ अंशांवर दोघे एकमेकांना खोडतील. तीन मीटरवर बसलेला माणूस उठून उभा राहिला तरी १०-११ अंशच वर जातो, म्हणून चालेल. पण दोघांच्या मधली जागा कानाच्या उंचीवर येईल असं स्टँड कर.

मोजणीसाठी ध्वनिशून्य खोलीवाचून अडत नाही, गच्ची पुरते. स्पीकर फिरत्या पाटावर, जमिनीपासून दोन मीटर उंच, माईक एक मीटरवर त्याच उंचीला. गच्चीला लागून परत येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे तीन मीटर जास्त चालतो, म्हणजे नऊ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या आधीच मोजणी कापायची. मग ११० हर्ट्झच्या वरचं बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं. त्याखालचं माईक शंकूच्या अगदी जवळ धरून वेगळं मोजायचं आणि जोडायचं. कठडा आणि पाण्याची टाकी दोन्हीपासून लांब राहा, नाहीतर तेच आलेखात येतील. दर १० अंशांनी एक मोजणी, आडवी पूर्ण फेरी आणि उभी पूर्ण फेरी. समोरची आणि मागची मोजणी दोन्हींत सारखीच, म्हणून एकूण ७० होतात. अमेरिकेतल्या सीटीए-२०३४ या मानकातही एवढ्याच लागतात. मी हे पहाटे करते. वारा पडलेला असतो, आणि आमच्या गल्लीतले माग सुरू व्हायच्या आत एका स्पीकरची फेरी आटोपते. उन्हात मात्र मोजू नकोस. तापलेल्या गच्चीवरची हवा सारखी हलते, आणि २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असणारा आवाजाचा वेग ४० अंशांना ३५५ होतो. वरच्या सुरांची रेघ मग थरथरत राहते.

झाल्यावर आलेख जरूर पाठव.

प्रश्न : आमच्या देवस्थानाचा सभामंडप मोठा आहे, छत उंच आणि फरशी दगडी. सप्ताहात कीर्तनकारांचे शब्द मागच्या लोकांना कळत नाहीत. चार उभट कॉलम स्पीकर होते, मंडपवाल्याने खांबांवर आडवे लावून दिले. अजून चार घ्यावेत का?
— एक विश्वस्त, मोहोळ तालुका

आणखी घेऊ नका. आहेत ते उभे करा, आधी एवढंच करा आणि पुन्हा ऐका.

कॉलममध्ये लहान स्पीकर एका रांगेत असतात ते उगाच नव्हे. ज्या दिशेला रांग लांब, त्या दिशेला आवाज आवळला जातो, आणि दुसऱ्या दिशेला पसरलेला राहतो. चार फुटी कॉलम उभा ठेवला की साधारण ३०० हर्ट्झच्या वर तो छताकडे आणि जमिनीकडे कमी, लोकांकडे जास्त वाजतो, आणि डावी-उजवीकडे मंडपभर पसरतो. आडवा केला की सगळं उलटं. लोकांमध्ये एक अरुंद पट्टा ऐकतो, बाकी आवाज छताला आणि फरशीला. तुम्ही छताला कीर्तन ऐकवताय आणि छत ते लोकांना उशिरा परत देतंय.

उभे करून खालचं टोक बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडं वर ठेवा आणि कॉलम किंचित पुढे झुकवा. कीर्तनकारांच्या माईकच्या पुढच्या रेषेत असू द्या, मागे नको, म्हणजे शिट्टीही कमी होईल. मागचे दोन कॉलम पुढच्यांपासून १५ मीटरवर असतील तर त्यांना ४४ मिलिसेकंद, म्हणजे मीटरमागे तीन मिलिसेकंदांच्या हिशेबाने, उशीर द्या. मिक्सर डिजिटल असेल तर ही सोय त्यात असते. नाहीतर मागच्या लोकांना एकच शब्द दोनदा ऐकू येतो. त्या ४४ मध्ये आणखी १० मिलिसेकंद घातलेत तर मागे बसलेल्यालाही आवाज समोरून, महाराजांकडूनच आल्यासारखा वाटेल. कीर्तनात हे फार महत्त्वाचं आहे, माणसं बोलणाऱ्याकडे बघत असतात. बोलण्याच्या माईकवर १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. पखवाजाचा माईक वेगळा असेल तर त्याला हे लागू नाही.

आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोल घुमट आहे. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला कळतं, आणि तीच इमारत टाळी किती वेळा परत देते हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. अशा वास्तूत आवाज वाढवून शब्द कळत नाहीत. आवाज माणसांवर पाडायचा आणि दगडावर पाडायचा नाही, एवढंच हातात असतं. शेजाऱ्यांसाठीही हेच बरं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मंडपातच राहणारा आवाज ती पाळायला सोपा जातो.

प्रश्न : हल्ली युरोपातले काही महागडे स्पीकर मागे आवाजच टाकत नाहीत असं सांगतात. हे खरं का? माझी खोली लहान आहे, स्पीकर भिंतीपासून दोन फुटांपेक्षा पुढे आणता येत नाहीत. ऐकतो ते मुख्यतः ख्याल. इतका खर्च करावा का?
— एक डॉक्टर, रेल्वे लाइन्स

खरं आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचं कारणही आहे : दोन फूट.

वेव्हगाइड मधल्या आणि वरच्या सुरांना वळण लावतो. पाचशे हर्ट्झच्या खाली तरंग खोक्यापेक्षा मोठा होतो आणि कितीही सुंदर स्पीकर असला तरी मागच्या बाजूलाही तेवढाच वाजू लागतो. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर मागे जाऊन परत आलेला आवाज सुमारे १४० हर्ट्झला नेमका उलटा होऊन भेटतो आणि खड्डा पाडतो. आता काळी एकचा षड्ज किती? १३९. म्हणजे गायकाने जिथे घर बांधलं तीच वीट भिंत काढून घेते. गाणं ऐकणाऱ्या माणसाला हे कळतं, फक्त कारण माहीत नसतं, म्हणून तो केबल बदलत राहतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, खोकंच काढून टाकायचं. उघड्या फळीवरचा वूफर पुढे आणि मागे उलट-सुलट वाजतो आणि बाजूला स्वतःलाच खोडतो. झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी आयुष्याचा मोठा काळ यावर काम केलं. पण असा स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान तीन-चार फूट पुढे हवा, तेव्हा तुमच्यासाठी नाही. दुसरा, कार्डिऑइड, म्हणजे मागे जवळपास न वाजणारा स्पीकर. वूफरच्या मागचा आवाज खोक्याच्या बाजूंच्या फटींतून, आत भरलेल्या शोषक पदार्थातून उशीर करत बाहेर सोडायचा, म्हणजे पुढून वळून मागे गेलेल्या आवाजाला तो मागेच खोडतो. नेदरलँड्सच्या डच अँड डच कंपनीच्या ८सी स्पीकरमध्ये अशा फटी आहेत. तो भिंतीजवळ ठेवण्यासाठीच घडवला आहे आणि सगळ्यात खालच्या सुरांचे वूफर त्याने भिंतीकडे तोंड करून बसवले आहेत. जर्मनीच्या ‘की थ्री’ या स्पीकरमध्ये हेच काम बाजूला आणि मागे बसवलेले चार वूफर आणि त्यांना वेगवेगळा उशीर देणारा प्रोसेसर करतो. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसनने २०१५ मध्ये बिओलॅब ९० काढला, त्यात प्रत्येक खोक्यात १८ ड्रायव्हर आहेत आणि झोत किती रुंद हवा हे ऐकणारा ठरवतो. एकाच गोष्टीसाठी तिघांनी तीन वाटा शोधल्या.

फायदा मोजता येतो. सगळीकडे सारखाच वाजणाऱ्या स्पीकरपेक्षा कार्डिऑइड स्पीकर खोलीत एकूण ४.८ डेसिबल कमी आवाज सांडतो. थेट आणि परतलेला आवाज बरोबरीत येण्याचं अंतर पहिल्या उत्तरातल्या हॉलमध्ये अर्धा मीटर आलं होतं, ते सुमारे ८७ सेंटिमीटर होतं. भिंती तेवढ्या मागे सरकल्यासारख्या वाटतात. माझ्या कार्यशाळेत फटींचा एक जोड आहे, सुताराकडून फटी वेगवेगळ्या रुंदीच्या करून घेऊन आत फेल्टचे थर बदलत बसवला. त्यावर तानपुरा ऐकताना तारांमागची हवा ऐकू येते. हे शब्द आलेखात बसत नाहीत, पण १४० चा खड्डा भरलेला आलेखात दिसतो.

खर्च करायचा का, तर खोलीच्या भिंती उघड्या आणि स्पीकर भिंतीजवळ, या दोन अटी असतील तर याच प्रकारावर करा, दुसऱ्या कुठल्या महाग स्पीकरवर नको. फक्त १०० हर्ट्झच्या खाली यांचाही इलाज चालत नाही, तिथे खोलीच्या लांबी-रुंदीचं राज्य असतं. १८ फुटांच्या खोलीत ३१ हर्ट्झ उठतो, १२ फुटांच्या रुंदीत ४७. ख्यालाला तिथे फारसं काही लागत नाही, म्हणून तुम्हाला सबवूफरची काळजी करायला नको. घेण्याआधी पुण्या-मुंबईत ऐकायला जाल तेव्हा मधली खुर्ची सोडून खोलीत फिरा. बाजूला उभे राहा, दाराबाहेर जाऊन ऐका. स्वर तोच राहिला पाहिजे, फक्त लहान झाला पाहिजे.

प्रश्न : घरच्या हॉलला किती वॅटचा ॲम्प्लिफायर लागतो? कोणी ५०० सांगतं, कोणी १०००.
— एक वाचक, मुरारजी पेठ

एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारे दोन स्पीकर असतील तर तीन मीटरवर, प्रत्येकी एका वॅटमध्येच, ८५ डेसिबलच्या आसपास मिळतात. घरात सतत ऐकायला हा आवाज मोठाच आहे. तबल्याच्या थापेसारखा ठोका सरासरीच्या १०-१५ डेसिबल वर उडी मारतो, त्यासाठी तीसपट राखीव ठेवा. म्हणजे ३०-५० वॅट पुरे. स्पीकर ८४ डेसिबलचा असेल तर चौपट धरा.